समोरच्याला तुमचा संगणक दिसत नाही: ऑनलाइन मंचावर संगणकाची अडचण कशी मांडावी

२०२१ च्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मराठवाड्यात पाऊस कसा झाला, हे इकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. सोयाबीन पाण्यात उभं होतं. पीक विम्यासाठी नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची होती. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या सेवा केंद्रापुढं सकाळी सातपासून डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेली माणसं उभी होती. केंद्रात दोन संगणक आणि एकच प्रिंटर. प्रिंटर पहिल्या संगणकाला जोडलेला, दुसऱ्याला नेटवर्कवरून शेअर केलेला. नेमकी त्याच दिवशी दुसऱ्या संगणकावरून छपाई बंद पडली. "दादा, कागद निघंना का?" असं चार जणांनी विचारल्यावर मी एका संगणकावर काम ढकललं आणि रात्री घरी येऊन एका इंग्रजी मंचावर प्रश्न टाकला: प्रिंटर चालत नाही, फार अर्जंट आहे, कृपया मदत करा.

सकाळपर्यंत एकही उत्तर आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न नीट माहिती घेऊन पुन्हा लिहिला आणि संध्याकाळपर्यंत दोन माणसांनी नेमकं कारण सांगितलं. मंच तोच आणि बिघाडही तोच होता. बदलली होती ती माझी मांडणी. तेव्हापासून तालुक्यातली दुकानदार मंडळी, शिक्षक, कॉलेजची लेकरं अडली की त्यांना मी हेच शिकवत आलो आहे, आणि ते इथं सविस्तर लिहितो आहे.

आपल्याकडं याची गरज जास्त आहे. चांगला दुरुस्ती करणारा जिल्ह्याच्या गावी असतो. तिथवर चाळीस-पन्नास किलोमीटर सीपीयू मांडीवर घेऊन एसटीनं जायचं आणि "चार दिवसांनी या" ऐकून परत यायचं. त्यातल्या बऱ्याचशा अडचणी घरबसल्या सुटणाऱ्या असतात. जगभरातली जाणकार माणसं एक पैसा न घेता उत्तरं देतात. पण त्यांना तुमचा संगणक दिसत नाही, त्याचा आवाज ऐकू येत नाही, काल तुमच्या गल्लीतली डीपी जळाली हेही माहीत नसतं. डॉक्टरांना फोनवर दुखणं सांगताना आपण जितकं नीट सांगतो, तितकंच इथं सांगावं लागतं.

आधी हात आवरा, वही काढा

संगणक अडला की आपला हात आपोआप दहा बटणं दाबतो. कुणी ड्रायव्हर (प्रिंटरसारखं यंत्र संगणकाशी बोलतं ते सॉफ्टवेअर) काढतो, कुणी क्लीनर टाकतो, कुणी थेट फॉरमॅट मारतो. त्यात मूळ खूण पुसली जाते. एकदा रीस्टार्ट करून पाहा, एवढं मात्र जरूर करा. त्यानं भागलं नाही तर कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा. बिघाड पहिल्यांदा कधी दिसला? त्याच्या आदल्या दोन दिवसांत काय बदललं (नवीन अपडेट, नवीन सॉफ्टवेअर, नवीन पेन ड्राइव्ह, लाईट जाणं, संगणकाची जागा हलवणं)? आणि बिघाड दरवेळी होतो की अधूनमधून?

"काहीच बदललं नाही" हे उत्तर बहुतेकदा चुकीचं निघतं. विंडोजमध्ये याची नोंद आपोआप ठेवली जाते. स्टार्टच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येतं. त्यात तारखेनुसार कोणतं सॉफ्टवेअर कधी बसलं, कधी कोसळलं, कधी अपडेट आलं याचा आलेख दिसतो. मला सगळ्यात आवडणारं साधन हेच. फार थोड्या लोकांना ते माहीत आहे.

पुरावे कसे गोळा करायचे

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून 'विनव्हर' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला की तुमची आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक दिसतो. तोच मंचावर द्यायचा. नुसतं "विंडोज टेन" लिहून भागत नाही. विंडोज १० ला मिळणारी नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, त्यामुळं जुन्या आवृत्तीवर असाल तर आधीच तसं सांगा, म्हणजे उत्तर देणारा त्या हिशोबानं बोलेल. मशीनची कंपनी, मॉडेल, रॅम किती, हे 'एमएसइन्फो३२' या आदेशानं सापडतं; हार्ड डिस्क आहे की एसएसडी, हे टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये दिसतं.

एररचा मजकूर शब्दन् शब्द उतरवा. पडद्यावर साधी एरर पेटी आली असेल तर ती उघडी ठेवून कंट्रोल आणि सी दाबा, मग नोटपॅडमध्ये पेस्ट करा. बहुतेक जुन्या धाटणीच्या पेट्यांचा सगळा मजकूर अक्षरानं उतरतो. हे एकदा करून बघाच. एररमधला आकड्यांचा कोड फार मोलाचा असतो. त्यातलं एक शून्य इकडचं तिकडं झालं तर शोध भलतीकडंच जातो. पडद्याचं चित्र हवं असेल तर विंडोज, शिफ्ट आणि एस ही तीन बटणं एकत्र दाबा. मोबाईलनं फोटो काढायची वेळ फक्त निळ्या पडद्याला (विंडोज कोसळल्यावर येतो तो) किंवा विंडोज सुरूच होत नसेल तेव्हा यावी. तो फोटो समोरून, सरळ आणि पूर्ण पडद्याचा काढा. आणि चित्र जोडलं तरी मजकूर टाइप करून द्या. चित्रातली अक्षरं शोधात नीट सापडत नाहीत, आणि उद्या हीच अडचण येणाऱ्या माणसाला तुमचा प्रश्न दिसतच नाही.

आता लाईटचं. मराठवाड्यात संगणक अचानक बंद होऊन सुरू होतो ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. यासाठी स्टार्टच्या शोधपट्टीतून इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची स्वतःची नोंदवही) उघडा, 'विंडोज लॉग्ज'मधल्या 'सिस्टिम'मध्ये जा आणि 'कर्नल-पॉवर' नावाची ४१ क्रमांकाची नोंद शोधा. संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढंच ती नोंद सांगते; ती कारण नव्हे, बरेच जण तिथंच फसतात. तिच्या तपशिलात 'बगचेककोड' असतो. तो शून्य असेल तर वीज तुटली, पॉवर सप्लाय थकला, मशीन तापलं किंवा गोठलं असण्याची शक्यता जास्त. शून्याखेरीज काही असेल तर निळा पडदा येऊन गेला आहे आणि तो आकडा मंचावर द्यायलाच हवा. सोबत हेही लिहा की यूपीएस आहे का, त्याची बॅटरी किती वर्षांची आहे, अर्थिंग केलेली आहे का, आणि हे दुपारीच होतं का. मे महिन्यात पत्र्याखालच्या दुकानात पारा ४२-४३ वर असताना पंख्यात धूळ बसलेला संगणक स्वतःला वाचवायला बंद होतो. नॉर्वेतल्या माणसाला हे सुचणार नाही, ते तुम्ही सांगायचं.

दुखणं सांगा, तुम्हाला सुचलेलं औषध नको

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडा थांबतो.

एका शाळेतल्या बाईंनी माझ्याकडं पेन ड्राइव्ह आणला. "भाऊ, दहा वर्षांचे ठराव करप्ट झालेत, फाईल रिकव्हर करणारं सॉफ्टवेअर सांगा." त्यांनी मंचावरही तेच विचारलं होतं आणि लोकांनी प्रामाणिकपणे रिकव्हरीची चार सॉफ्टवेअरं सुचवली होती. चारही चालवून झाली होती. फाईल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा काला. वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव कृतिदेव दिसत होतं, आणि तो फॉन्ट नव्या संगणकात बसवलेलाच नव्हता. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) नसतात. फाईलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त 'डी'च्या जागी 'क'चं चित्र दाखवतो. फॉन्ट नसला की चित्र जातं आणि नुसती 'डी' उरते. फाईल ठणठणीत होती. फॉन्ट बसवला, ठराव दिसले, मग कन्व्हर्टरनं सगळं युनिकोडमध्ये घेतलं आणि जोडाक्षरं एकेक तपासली.

बाईंनी "जुनी मराठी फाईल नव्या संगणकावर उघडल्यावर इंग्रजी अक्षरं दिसतात, जुन्या संगणकावर नीट दिसत होती" असं लिहिलं असतं तर पहिल्याच उत्तरात काम झालं असतं. म्हणून प्रश्नात आधी लिहा की तुम्हाला शेवटी काय साधायचं आहे, मग काय केलं, मग काय घडलं. तुमचा अंदाज जरूर लिहा, पण "माझा अंदाज" असं म्हणून वेगळ्या ओळीत.

विचारण्याआधी शोध

एररचा नेमका मजकूर अवतरणचिन्हांत घालून शोधा. तुमच्या संगणकाचं नाव, फाईलचा रस्ता असे फक्त तुमचे शब्द काढून टाका. निकाल आले की तारीख बघा. २०१४ चं उत्तर आजच्या विंडोजला लावणं म्हणजे जुन्या बैलगाडीचं चाक ट्रॅक्टरला लावणं. जवळपासचं उत्तर सापडलं पण लागू पडलं नाही, तर तेही नोंदवून ठेवा. "अमुक उपाय केला, फरक पडला नाही" ही ओळ तुमच्या प्रश्नाचं वजन वाढवते, कारण तुम्ही मेहनत घेतली आहे हे वाचणाऱ्याला कळतं.

कुठं विचारायचं

सगळे मंच एकसारखे नसतात, आणि चुकीच्या दारात गेल्यामुळं पुष्कळांना अपमान झाल्यासारखं वाटतं. स्टॅक ओव्हरफ्लो २००८ पासून आहे, पण तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी. तिथं प्रिंटरचा प्रश्न टाकला की बंद करतात. त्याच घरातला, २००९ मध्ये सुरू झालेला सुपर युजर साध्या संगणक वापरणाऱ्यांच्या हार्डवेअर-सॉफ्टवेअरच्या प्रश्नांसाठी आहे. मात्र "कोणता लॅपटॉप घेऊ" हे तिथं चालत नाही. विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रणाली वापरत असाल तर आस्क उबुंटू. रेडिटवर टेकसपोर्ट नावाचा गट आहे, तिथं बोलणं जरा मोकळं असतं. व्हायरस किंवा खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरनं फाईली बंद केल्या असतील तर ब्लीपिंग कॉम्प्युटर. मायक्रोसॉफ्ट, लिब्रेऑफिस, प्रिंटरच्या कंपन्या यांचे स्वतःचे मंचही आहेत. मराठीत मनमोकळं विचारायचं तर मायबोली १९९६ पासून आणि मिसळपाव २००७ पासून आहे. तिथं माणसं आपुलकीनं बोलतात, फॉन्ट आणि मराठी टायपिंगच्या अडचणी त्यांनाच नीट कळतात. खोल तांत्रिक बिघाडाला मात्र इंग्रजी मंचाला पर्याय नाही असं माझं मत आहे.

व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारू नका असं म्हणत नाही. पण तिथलं उत्तर चार दिवसांत वर सरकून गडप होतं, आणि चुकीच्या उत्तराला "हे चुकीचं आहे" म्हणणारा जाणकार गटात असेलच असं नाही. मंचावर चूक उघड्यावर दुरुस्त होते.

इंग्रजीची भीती

आमच्याकडची हुशार मुलं इथं अडतात. व्याकरण चुकेल, लोक हसतील, म्हणून लिहीतच नाहीत. मंचावरचे बरेच लोक स्वतः इंग्रजी शिकून आलेले असतात. आधी मराठीत छोट्या छोट्या वाक्यांत लिहा, एका वाक्यात एकच गोष्ट. मग भाषांतराच्या साधनातून काढा. आलेलं इंग्रजी पुन्हा मराठीत उलटवून बघा, अर्थ तोच राहिला तर पाठवा. एरर, बटणांची नावं, मेनूची नावं मात्र पडद्यावर जशी आहेत तशीच ठेवा, त्यांचं भाषांतर होऊ देऊ नका. "सर" आणि "कृपया लवकर" दहा वेळा लिहायची गरज नाही, शेवटी एकदा आभार पुरेत. 'अर्जंट' हा शब्द तर काढूनच टाका. तुमची घाई खरी असते, पण समोरचा स्वतःच्या वेळेतून फुकट मदत करतो आहे.

दुसऱ्या दिवशी मी जो प्रश्न लिहिला तो मराठीत साधारण असा होता:

"मथळा: शेअर केलेला प्रिंटर दुसऱ्या संगणकावरून जोडताना ११बी या कोडचा एरर. दोन्हीकडे विंडोज १०.

दोन संगणक एकाच राउटरला जोडलेले आहेत. प्रिंटर पहिल्याला यूएसबीनं जोडला असून शेअर केला आहे. पहिल्यावरून छपाई होते. दुसऱ्यावरून परवापर्यंत होत होती, कालपासून होत नाही. प्रिंटर काढून पुन्हा जोडताना एरर येतो, पूर्ण मजकूर खाली दिला आहे. पहिल्या संगणकावर परवा अपडेट बसलं. दुसऱ्यावर अपडेट बऱ्याच महिन्यांपासून बंद ठेवलेली आहेत. दोन्हीचे बिल्ड क्रमांक खाली आहेत. करून पाहिलं: दोन्ही रीस्टार्ट, केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला. दुसऱ्यावरून पहिल्याचे शेअर केलेले फोल्डर उघडतात. मला दोन्ही संगणकांवरून छापायचं आहे."

मथळ्यातच कोड आणि काम दोन्ही आहेत, ते बघा. "फोल्डर उघडतात" या एका वाक्यानं नेटवर्क ठीक आहे हे सिद्ध झालं आणि अर्धे अंदाज बाद झाले. काय चालत नाही याइतकंच काय चालतं हे महत्त्वाचं आहे.

प्रश्न टाकण्याआधी चित्रांवरून एकदा नजर फिरवा. सेवा केंद्रातल्या पडद्यावर कुणाचा आधार क्रमांक, सातबारा, बँकेचं पासबुक उघडं असतं. ते दुसऱ्याचं आहे, ते बाहेर जाता कामा नये. धूसर करू नका, धूसर केलेले आकडे कधी कधी परत वाचता येतात. भक्कम काळा चौकोन मारा. विंडोजची प्रॉडक्ट की आणि मशीनचा सिरीयल नंबरही झाका.

प्रश्न टाकल्यावर

आपल्याकडं रात्रीचे आठ वाजतात तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे साडेनऊ-साडेदहा झालेले असतात आणि युरोपात दुपार असते. म्हणून संध्याकाळी प्रश्न टाकून रात्री तासभर जवळ राहिलेलं बरं. कुणी उलट प्रश्न विचारला तर तो टाळतो आहे असं समजू नका, त्याला रस वाटला म्हणून तो विचारतो आहे. जे विचारलं तेवढ्याचं नेमकं उत्तर द्या. उपाय एका वेळी एकच करा आणि प्रत्येकाचा निकाल लिहा. तीन एकदम केले तर कशानं सुटलं ते कुणालाच कळत नाही. दिवसभर कुणी बोललं नाही तर नवी माहिती जोडून प्रश्न वर आणा. तोच प्रश्न पाच मंचांवर एकदम टाकणं लोकांना आवडत नाही.

इथं मात्र सावध

उघड्या मंचावर उत्तर न देता "मला खासगी निरोप पाठवा", "माझ्या नंबरवर फोन करा", "एनीडेस्क किंवा अल्ट्राव्ह्यूअर टाका, मी बघतो" म्हणणाऱ्याला कधीही होकार देऊ नका. सेवा केंद्राच्या संगणकावर डीएससी (डिजिटल सहीचं) टोकन लावलेलं असतं, वॉलेटमध्ये पैसे असतात. पडद्याचा ताबा अनोळखी माणसाच्या हाती देणं म्हणजे गल्ल्याची किल्ली देणं. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा, पहिल्या काही तासांत पैसे गोठवले जाण्याची आशा असते. "विंडोज आणि आर दाबा, मग पेस्ट करा" असं एखादी वेबसाइट स्वतःहून सांगत असेल तर ती फसवणूकच समजा. मंचावरच्या माणसानं दिलेला आदेशही काय करतो ते शोधून, दुसऱ्या कुणी त्याला दुजोरा दिला आहे का ते बघूनच चालवा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) हात घालण्याआधी रीस्टोर पॉइंट (मागं परतता येईल अशी खूण) करा, आणि कामाच्या फाईली बाहेरच्या डिस्कवर घ्या.

काही अडचणी मंचावर सुटत नाहीत, तिथं वेळ घालवू नका. हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर ताबडतोब बंद करा. चालू ठेवाल तितका आतला डेटा जाण्याचा धोका वाढतो. बिटलॉकरनं (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) ४८ आकडी की मागितली तर ती फक्त तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, कार्यालयाच्या किंवा शाळेच्या खात्यात किंवा तुम्ही लिहून ठेवली असेल तिथंच मिळेल, जगातला कुणी जाणकार ती काढून देणार नाही. फाईली खंडणीसाठी बंद झाल्या असतील तर २०१६ पासून चालणाऱ्या 'नो मोअर रॅन्सम' या युरोपोलच्या सहभागातल्या उपक्रमावर तुमच्या प्रकाराची मोफत किल्ली आहे का ते पाहा. आणि एक अवघड गोष्ट: क्रॅक केलेल्या विंडोजवर किंवा सॉफ्टवेअरवर मंच मदत करत नाहीत. गावातल्या दुकानात बसवून मिळालेलं विंडोज तसलं असेल तर विकत घेतलेलं विंडोज किंवा लिब्रेऑफिससह लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली, या दोन वाटांचा मनापासून विचार करा. खंडणीवाले व्हायरस पुष्कळदा त्या क्रॅकमधूनच घरात येतात.

सुटलं की लिहा

काम झालं की माणूस मंच बंद करून कामाला लागतो. असं करू नका. ज्यानं सांगितलं त्याचं उत्तर स्वीकारल्याची खूण करा आणि नेमकं कशानं सुटलं ते तुमच्या शब्दांत लिहा. स्वतःच मार्ग काढला असेल तर तोही लिहा, कारण तुम्ही रात्री दीड वाजता ज्या शोधात होता त्याच शोधात उद्या दुसरं कुणी तरी असणार आहे. माझ्या प्रश्नाखाली मी हे लिहिलं:

"सुटलं. प्रिंटर ज्याला जोडला आहे त्या संगणकावर सप्टेंबरचं सुरक्षा अपडेट बसल्यानं छपाईच्या जोडणीचा नियम कडक झाला होता, आणि दुसरा संगणक आम्ही अपडेट बंद ठेवल्यामुळं जुन्या नियमानं बोलत होता. दुसऱ्यावर सगळी अपडेट घेतली, दोन्ही रीस्टार्ट केले, प्रिंटर पुन्हा जोडला. अपडेट काढून टाकण्याची सूचना आली होती ती केली नाही, कारण ते सुरक्षेचं होतं. आता दोन्हीकडून छपाई होते. आज १४० अर्ज छापले."